सब्र, माफी आणि मजलूमाचा हक्क

कुरआनच्या सूरह नहलमध्ये (१६:८०) अल्लाहने आपल्या उपकारांची गणना करताना घराचा उल्लेख विसाव्याचे स्थान म्हणून केला आहे. आई-वडिलांशी सद्वर्तन, नातेवाइकांशी जिव्हाळा, लहानांवर दया आणि मोठ्यांचा आदर या शिकवणींमागे हीच कल्पना आहे की बाहेरचे जग कितीही कठोर असले तरी माणसाला घरात निर्धास्त होता यावे. आपल्या प्रवचनांचा मोठा भाग या विषयांना दिला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु याच घरात, याच नात्यांच्या आडोशाने एखाद्या बालकावर अत्याचार झाला, तर त्या बालकाने मोठेपणी काय करावे? त्याने सब्र करावा, माफ करावे, की न्याय मागावा? हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. विचारलाच तर उत्तर शोधण्याआधी तो मिटवण्याची घाई करतो.

एक उदाहरण डोळ्यांसमोर आणू या. आपल्या सोलापुरात दोन खोल्यांच्या घरात तीन पिढ्या राहणारी कुटुंबे असंख्य आहेत. वडील यंत्रमागावर रात्रपाळीला जातात, आई विड्या वळते आणि वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन येते. तेवढा वेळ मूल चाचा, मामू किंवा फुफा यांच्या भरवशावर असते. अशा घरातील एखादी मुलगी सात-आठ वर्षांची असताना जे सोसते, त्याला तिच्याजवळ शब्दही नसतात. पुढे ती शिकते, तिचे लग्न होते, तिला मूल होते. आपली मुलगी त्याच वयाची झाली की इतकी वर्षे दाबलेले सर्व वर येते. ती आईला सांगते. आई रडते, आणि मग म्हणते, “बेटा, सब्र कर. अल्लाह पाहतो आहे. आता बोलून काय होणार? खानदानाची इज्जत जाईल.” केवळ दाट वस्तीत असे घडते असेही नाही, प्रशस्त बंगल्यांतही हेच घडते आणि तेथेही हेच सांगितले जाते.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांतील ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार अनुभवल्याचे सांगितले. त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या स्थानावरील होते आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. १३ मे २०१२ रोजी आमिर खान यांच्या ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात मुंबईचे हरीश अय्यर यांनी बालपणी वर्षानुवर्षे सोसलेल्या अत्याचाराविषयी सांगितले. त्यांची आईही त्या कार्यक्रमात आली होती. मुलगाही बळी असू शकतो, हे अनेक घरांनी तेव्हा प्रथमच मोठ्याने ऐकले.

सब्र म्हणजे मौन नव्हे

सब्र हा ईमानधारकाचा अलंकार आहे. म्हणूनच त्याचा खरा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे. कुटुंबातील जुलमाची सर्वांत सविस्तर हकीकत कुरआनमध्ये सूरह यूसुफमध्ये येते. ह. यूसुफ (अ.) लहान होते, अत्याचार करणारे सख्खे नातलग होते आणि गुन्हा लपवण्यासाठी रचलेली खोटी कथाही घरातल्या घरातच सांगितली गेली. ह. याकूब (अ.) यांनी त्या प्रसंगी ‘सब्रे जमील’, म्हणजे सुंदर संयम धारण केला, हे आपण वारंवार ऐकतो. परंतु त्याच आयतीत (१२:१८) त्यांनी मुलांना काय सुनावले, त्याकडे आपले लक्ष जात नाही. तुमच्या मनाने तुम्हाला एक गोष्ट रचून दिली आहे, असे त्यांनी त्यांच्या तोंडावर सांगितले. त्यांनी असत्याला सत्य म्हटले नाही, घराण्याच्या नावासाठी खोट्या कथेवर शिक्कामोर्तब केले नाही आणि आपले दुःखही लपवले नाही. शोकाने त्यांचे डोळे पांढरे पडल्याचे कुरआन सांगतो (१२:८४).

ह. यूसुफ (अ.) यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. त्यांच्यावर खोटा आळ आला आणि ते तुरुंगात गेले. पुढे राजाने त्यांना बाहेर बोलावले, तेव्हा सुटका समोर उभी असूनही ते लगेच निघाले नाहीत. आधी त्या प्रकरणाची चौकशी व्हावी, अशी मागणी त्यांनी दूताकरवी परत पाठवली (१२:५०). चौकशी झाली, संबंधित स्त्रीने सत्य कबूल केले आणि मगच ते बाहेर आले. ज्या पैगंबरांना आपण क्षमाशीलतेचे प्रतीक मानतो, त्यांनी सत्य नोंदले जाण्याचा आग्रह धरला होता. सब्र आणि चौकशीची मागणी परस्परविरोधी असती, तर अल्लाहच्या एका प्रेषिताने त्या दोन्ही एकत्र केल्या नसत्या.

यावरून स्पष्ट होते की सब्र म्हणजे संकटात अल्लाहवरील विश्वास न ढळू देणे, सूडाच्या भरात मर्यादा न ओलांडणे आणि सत्याच्या वाटेवर टिकून राहणे. सब्र ही मजलूमाची इबादत आहे. घराण्याचा लौकिक सांभाळण्यासाठी दुसऱ्याने त्याच्याकडून ती वसूल करू नये.

परदापोशी कोणाची?

दुसरा आक्षेप परदापोशीचा घेतला जातो. जो मुस्लिमाचे दोष झाकतो, त्याचे दोष अल्लाह झाकतो, या आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. परंतु ‘सहीह मुस्लिम’चे भाष्यकार इमाम नववी (रह.) यांनी या हदीसचे विवरण करताना मर्यादा घालून दिली आहे. लोकांना उपद्रव देण्याबद्दल जो ओळखला जात नाही, अशा माणसाच्या घडून गेलेल्या चुकीसाठी ही शिकवण आहे. जो लोकांना इजा पोहोचवतो, त्याला झाकून ठेवल्याने त्याचे धाडस वाढते. ‘रियाजुस्सालिहीन’मध्येही ते गीबत कोणत्या प्रसंगी निषिद्ध ठरत नाही, त्याची सहा कारणे देतात. त्यांतील पहिलेच कारण म्हणजे मजलूमाने आपली तक्रार शासक किंवा न्यायाधीशापुढे मांडणे. इतरांना धोक्यापासून सावध करणे हेही त्या सहांपैकीच एक आहे.

याचे मूळ कुरआनमध्येच आहे. वाईट गोष्टीचा उघड उच्चार अल्लाहला आवडत नाही. अपवाद फक्त त्याचा, ज्याच्यावर जुलूम झाला आहे (४:१४८). हा अपवाद कोणा फकीहाने काढलेली पळवाट नसून खुद्द अल्लाहने दिलेली मुभा आहे. अल्लाहने ज्याला बोलण्याची परवानगी दिली, त्याचे तोंड बंद करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

घरातील गोष्ट घराबाहेर नेऊ नये, असेही म्हटले जाते. सूरह मुजादलाचा आरंभ (५८:१) अशा एका स्त्रीच्या उल्लेखाने होतो, जी आपल्या पतीविषयीची तक्रार घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली होती. ह. आयशा (र.) सांगतात की आपण त्याच घरात असूनही तिचे काही बोलणे आपल्याला ऐकू आले नव्हते, परंतु अल्लाहने ते ऐकले. घरातील अन्यायाची तक्रार करणाऱ्या स्त्रीचे नाव कुटुंबाला बट्टा लावणारी म्हणून राहिले नाही. तिच्यासाठी आयती उतरल्या.

चार साक्षीदारांचा मुद्दाही कधी कधी पुढे केला जातो. सूरह नूरमधील तो आदेश (२४:४) दुसऱ्याच्या चारित्र्यावर व्यभिचाराचा आरोप करणाऱ्यासाठी आहे. आपल्यावर बळजबरी झाली असे सांगणारी व्यक्ती कोणाच्या व्यभिचाराची वार्ता देत नसते, ती आपल्यावरील जुलमाची फिर्याद करत असते. याच सूरहमध्ये (२४:३३) ज्यांच्यावर बळजबरी झाली, त्यांना अल्लाहच्या क्षमेचे व दयेचे आश्वासन आहे. इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुवत्ता’त बळजबरी झालेल्या स्त्रीविषयी स्वतंत्र प्रकरण असून तिच्यावर कोणतीही शिक्षा नाही, असे तेथे स्पष्ट आहे. तिर्मिजी आणि अबू दाऊद यांनी नमाजसाठी निघालेल्या आणि वाटेत अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीची हकीकत दिली आहे. प्रेषित (स.) यांनी तिला दोष दिला नाही, अल्लाहने तुला क्षमा केली आहे, असा दिलासा देऊन तिला पाठवले. प्रौढ स्त्रीबाबत हा नियम असेल, तर अजाण बालकाच्या माथी लाज आणि गुन्हा मारणाऱ्या समाजाने कोणत्या शरीअतचा आधार घ्यावा?

नाते आणि साक्ष

सर्वांत कठीण प्रश्न नात्याचा आहे. नाते तोडणाऱ्याविषयी हदीसमध्ये कठोर इशारा आहे. मग सख्ख्या चाचाविरुद्ध, भावाविरुद्ध किंवा खुद्द पित्याविरुद्ध उभे राहणे म्हणजे नाते तोडणे नव्हे काय?

याचे उत्तर सूरह निसामध्ये (४:१३५) आहे. तेथे ईमानधारकांना न्यायावर ठाम राहून अल्लाहसाठी साक्ष देण्याचा आदेश आहे, मग ती साक्ष स्वतःविरुद्ध, आई-वडिलांविरुद्ध किंवा जवळच्या नातेवाइकांविरुद्ध का असेना. आई-वडिलांचा आदर सर्वाधिक ठळकपणे शिकवणाऱ्या ग्रंथाने न्यायाच्या प्रसंगी त्यांचेच नाव घेतले, हे विचार करण्याजोगे आहे. सोलापूर हे चार हुतात्म्यांचे शहर आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेल्या कुर्बान हुसेन आणि त्यांच्या तीन साथीदारांच्या धैर्याचा आपल्याला अभिमान वाटतो. परक्या सत्तेसमोर उभे राहणाऱ्याला आपण हुतात्मा म्हणतो आणि आपल्याच माणसाच्या जुलमाविरुद्ध बोलणाऱ्या मुलीला बेशरम म्हणतो. वास्तविक या दोहोंपैकी दुसऱ्या साक्षीसाठी कुरआनने स्वतंत्र आदेश दिला आहे.

बुखारीतील एका हदीसमध्ये प्रेषित (स.) यांनी आपल्या बांधवाला मदत करण्यास सांगितले, मग तो जालिम असो वा मजलूम. सहाबांनी विचारले की जालिमाला मदत कशी करावी? त्याला जुलमापासून रोखणे हीच त्याला मदत, असे उत्तर मिळाले. म्हणजे अत्याचारी चाचाचा खरा हितचिंतक त्याच्यावर पांघरूण घालणारा नसून त्याचा हात धरणारा आहे. बुखारीच्याच दुसऱ्या एका हदीसमध्ये असा इशारा आहे की ज्याने कोणाचा हक्क मारला असेल, त्याने तो आजच चुकता करावा. कारण त्या दिवशी दीनार-दिरहम नसतील, पुण्यकर्मे देऊन हिशेब पुरा करावा लागेल. आखिरतमध्ये नमाज-रोजांसह रित्या हातांनी उभे राहण्यापेक्षा दुनियेतील न्यायालयात उभे राहणे जालिमासाठीही कमी नुकसानीचे आहे.

इतक्या वर्षांनी?

“तेव्हाच का बोलली नाहीस?” हा प्रश्न जवळपास प्रत्येक पीडिताला ऐकावा लागतो. बालकाला भाषा नसते, भीती असते, आणि जेवण व छप्पर त्याच घरातून मिळत असते. हेच त्याचे उत्तर आहे. विलंबाने हक्क बुडतो काय, याचा विचार फिकहने केला आहे. हनफी फिकहमध्ये काही हद्दींच्या शिक्षांबाबत उशिरा दिलेल्या साक्षीवर मर्यादा आहे. परंतु माणसांच्या हक्कांचा, म्हणजे हुकूकुल इबादचा नियम वेगळा आहे. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेली हनफी दिवाणी संहिता ‘मजल्ला’ आपल्या १६७४ व्या कलमात सांगते की काळ लोटल्याने हक्क नष्ट होत नाही.

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने सरकला आहे. चेन्नईत बालपण गेलेल्या आणि पुढे कॅनडात स्थायिक झालेल्या एका वैज्ञानिक महिलेने नातेवाइकाकडून लहानपणी झालेल्या अत्याचाराची तक्रार चाळीसएक वर्षांनी करू पाहिली, तेव्हा मुदतीची अडचण पुढे आली. त्यांच्या पाठपुराव्यानंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रीय विधी मंत्रालयाने स्पष्ट केले की लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजे ‘पोक्सो’ कायद्याखाली तक्रार करण्यास कोणतीही कालमर्यादा नाही. पीडित व्यक्ती प्रौढ झाल्यावरही तक्रार करू शकते.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या कृत्यांना त्या काळची भारतीय दंड संहिता लागू होते. फौजदारी कायद्यातील मुदतीचे बंधन तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांनाच आहे, बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्यांना नाही. आणि न्यायासाठी आवश्यक वाटल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. घराण्याच्या अब्रूच्या दडपणामुळे अशा तक्रारींना उशीर होतो, केवळ तेवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही आणि विश्वासार्ह असेल तर एकट्या पीडितेची साक्षही पुरेशी ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग या खटल्यात सांगितले आहे. तरीही वर्षे लोटल्यावर पुरावा जमवणे अवघड असते आणि प्रत्येक खटला शिक्षेपर्यंत पोहोचत नाही, ही जाणीव ठेवूनच पाऊल टाकावे. निकाल काहीही लागो, मजलूमाने हक्क मागितला म्हणून तो दोषी ठरत नाही. जुलूम झाल्यावर जे दाद मागतात, त्यांच्यावर कोणताही ठपका नाही. ठपका लोकांवर जुलूम करणाऱ्यांवर आहे, असे सूरह शूरामध्ये (४२:४१-४२) सांगितले आहे.

दाद मागण्याचा मार्ग मात्र कायद्याचाच असावा. भावांनी मारहाण करणे किंवा बिरादरीने परस्पर दंड ठोठावणे हा न्याय नव्हे. तसेच वार्तेची शहानिशा करण्याचा कुरआनी आदेश (४९:६) आरोपीलाही लागू आहे. दोष सिद्ध करणे हे तपास यंत्रणेचे आणि न्यायालयाचे काम आहे. घराचे काम पहिल्या क्षणापासून ऐकून घेणे आणि मुलांना सुरक्षित करणे एवढे आहे.

माफीचा अधिकार

क्षमा श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. सूरह शूरामध्येच (४२:४०, ४३) माफ करणाऱ्याचा मोबदला अल्लाहकडे आहे, असे सांगितले आहे. परंतु या आयतींचा क्रम पाहावा. आधी दाद मागण्याचा हक्क मान्य केला आहे आणि त्या हक्काच्या जोडीने क्षमेची श्रेष्ठता सांगितली आहे. ज्याला नाही म्हणण्याची मुभाच नाही, त्याच्या होकाराला क्षमा म्हणता येत नाही. ती लादलेली शरणागती असते.

माफीचा अधिकार ज्याच्यावर जुलूम झाला त्याचा आहे. आई, आजी किंवा जमातचे सरदार त्याच्या वतीने माफ करू शकत नाहीत. राजस्थानातील एका शाळकरी मुलीच्या प्रकरणात पालक आणि आरोपी यांच्यात समझोता झाल्याने उच्च न्यायालयाने खटला रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द ठरवून खटला पुन्हा सुरू केला. बालकावरील असा गुन्हा दोन कुटुंबांतील खासगी बाब नाही, हा त्यामागचा विचार शरीअतच्या न्यायबुद्धीशी मिळताजुळता आहे.

ह. यूसुफ (अ.) यांनी भावांना माफ केले, ते कधी? भावांनी आपण चुकलो होतो अशी कबुली दिल्यानंतर (१२:९१-९२). पुढे त्यांनी पित्याकडेही क्षमाप्रार्थनेची विनंती केली (१२:९७). आपल्याकडे कबुली न देता, पश्चात्ताप न दाखवता, उलट पीडितालाच खोटे ठरवून माफीची अपेक्षा केली जाते.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. माफ केले म्हणजे त्या माणसाबरोबर ईदच्या दस्तरख्वानवर बसलेच पाहिजे, असे नाही. ह. हमजा (र.) यांना शहीद करणारे वहशी पुढे मुस्लिम झाले. प्रेषित (स.) यांनी त्यांचा इस्लाम स्वीकारला, सूड घेतला नाही, परंतु आपल्या नजरेसमोर न येणे तुम्हाला शक्य आहे काय, असे त्यांना विचारले. ही हकीकत बुखारीत आहे. ज्यांचे हृदय सर्वांत विशाल होते, त्यांनीही आपल्या जखमेची मर्यादा सांगितली. मग आपल्या मुलीला त्या माणसापासून दूर ठेवणाऱ्या मातेवर नाते तोडल्याचा आरोप कसा करावा?

हक्क कोठे कर्तव्य होतो

न्याय मागणे हा पीडिताचा हक्क आहे. एखाद्याने पुरेसा विचार करून, कोणाच्या दडपणाशिवाय, न्यायालयाची वाट न धरण्याचे ठरवले, तर त्यालाही दोष देता येणार नाही. परंतु त्या माणसाच्या आसपास आज दुसरी मुले वावरत असतील, तर प्रश्न एका व्यक्तीपुरता राहत नाही. साक्ष लपवणाऱ्याचे अंतःकरण पापी असते, असे कुरआन सांगतो (२:२८३). अशा वेळी सावध करण्याची जबाबदारी येते, आणि ती एकट्या पीडिताच्या खांद्यावर टाकू नये. माहीत असलेल्या प्रत्येक प्रौढाची ती आहे. पोक्सो कायद्यातही बालकावरील अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि ती न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये असे मौन हा गंभीर गुन्हा असल्याचे बजावले. मशिदीचे इमाम, मदरशाचे शिक्षक आणि जमातचे पदाधिकारी यांनी हे ध्यानात घ्यावे. आपल्याकडे असे प्रकरण आले तर दोन्ही पक्षांना बसवून सुलह घडवणे हा आपल्या अधिकारातील मार्ग नाही.

कुटुंबाने करायच्या गोष्टी थोड्या आहेत. ऐकून घ्यावे. “तेव्हा का बोलली नाहीस” असे विचारू नये. “तुझा दोष नव्हता” हे वाक्य स्पष्ट शब्दांत उच्चारावे. कायदेशीर सल्ल्यासाठी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येते. स्त्रिया आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर विधी साहाय्य, १०९८ वर बालकांसाठी तातडीची मदत आणि १४४१६ वर मानसिक आधार मिळतो. राज्य शासनाची ‘मनोधैर्य’ योजना २०१३ पासून अशा पीडितांच्या अर्थसाहाय्य व पुनर्वसनासाठी आहे. उपचार घेणे, समुपदेशकाशी बोलणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. शरीराच्या जखमेला औषध घेणे जसे सुन्नत आहे, तसेच मनाच्या जखमेचेही आहे.

ह. मुआज (र.) यांना यमनला पाठवताना प्रेषित (स.) यांनी मजलूमाच्या दुआपासून जपून राहण्यास सांगितले होते, कारण तिच्या आणि अल्लाहच्या मध्ये कोणताही पडदा नसतो. आपण इज्जतीच्या नावाने जे पडदे टाकतो, ते तिच्या आणि आपल्या मध्ये असतात. तिची हाक मात्र जेथे पोहोचायची तेथे पोहोचलेली असते. त्या दिवशी आपली गणना तिला साथ देणाऱ्यांत व्हावी की तिला गप्प करणाऱ्यांत, हे आपल्याला आजच ठरवायचे आहे.

अल्लाह आपल्या घरांना खऱ्या अर्थाने विसाव्याची स्थाने बनवो, मजलूमांच्या अंतःकरणांना शांती देवो आणि आपल्याच माणसांविरुद्ध का होईना, सत्याची साक्ष देण्याचे बळ आपणा सर्वांना प्रदान करो. आमीन.